लाट पुढे, पाणी जागच्या जागी : तरंग शिकवतानाच्या नोंदी

सहावी ते आठवीची २४ मुलं, सहा-सहाचे चार गट, दर शनिवारी दीड तास. जागा रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठच्या एका शाळेची प्रयोगखोली. गावातल्या हार्डवेअरच्या, स्टेशनरीच्या आणि किराणा दुकानात मिळेल तेवढंच सामान वापरायचं, हे आधीच ठरवलं होतं.

२१ जून २०२५, शनिवार

पहिल्या दिवशी शिकवलं काहीच नाही. प्रत्येकाला कोरा कागद देऊन एकच प्रश्न विचारला : घंटा वाजली आणि आवाज तुमच्या कानाशी आला, तर मधल्या हवेत काय झालं ते चित्र काढून दाखवा.

बहुतेक कागदांवर घंटेपासून कानापर्यंत नागमोडी रेघ आली, साप सरपटत जावा तशी. उरलेल्यांनी बाण काढले, जणू घंटेकडून वारा सुटलाय. दोन्ही चुकांचं मूळ एकच : हलतं काय आणि पुढे जातं काय, हे वेगळं झालेलं नाही. नागमोडी रेघ हा हवेच्या दाबाचा आलेख आहे, हवेचा आकार नव्हे. पण पुस्तकात ती रेघ आधी भेटते आणि खरी लाट नंतर, म्हणून मुलं रेघेलाच लाट समजतात.

त्यावरून क्रम ठरला. आधी डोळ्याला दिसणारी, संथ लाट, मग पाणी, मग स्प्रिंग, आवाज सगळ्यात शेवटी. अट एक : पहिल्या उपकरणात लाटेला या टोकाहून त्या टोकाला जायला निदान दोन सेकंद लागले पाहिजेत. दोरी याच कारणासाठी बाजूला ठेवली. हाताने ताणलेल्या तीन मीटर दोरीतून लाट अर्ध्या सेकंदाच्या आत पार होते आणि मुलांना फक्त झटका दिसतो.

२४ जून, मंगळवार : तयारी

काड्यांचं तरंगयंत्र, म्हणजे दोन स्टुलांमध्ये ताणलेल्या टेपवर आडव्या काड्यांची रांग. लागलेलं सामान : ३० सेंमी लांब, ३ मिमी जाड बांबूच्या काड्या ६०, ४८ मिमी रुंद कापडी टेपचे साडेतीन मीटरचे दोन तुकडे, रंगीत क्ले अर्धा किलो, दोन जड स्टुलं, दोन सी-क्लॅम्प.

टेपचा एक तुकडा जोडून ठेवलेल्या बाकांवर चिकट बाजू वर करून पसरला. दोन्ही टोकांना २५ सेंमी मोकळे सोडून दर ५ सेंमीवर खूण केली. प्रत्येक काडीचा मध्य पेन्सिलीने आधीच काढून ठेवावा. टेपवर ठेवताना अंदाजाने ठेवलेली काडी हमखास एका बाजूला कलते. काड्या बसल्यावर दुसरा तुकडा चिकट बाजू खाली करून वरून लावला आणि दोन काड्यांमधली जागा अंगठ्याने घासून दाबली. तिथे हवा राहिली तर पीळ घेताना दोन टेप एकमेकांवर सरकतात आणि लाट त्या जागी विझते.

क्लेच्या १२० गोळ्या, प्रत्येकी ४ ग्रॅम. एकेक तोलत बसायची गरज नाही. ४८ ग्रॅमची वळी करायची, पट्टीवर ठेवून तिचे बारा सारखे तुकडे कापायचे. काडीच्या दोन्ही टोकांना एकेक गोळी.

काय जमलं नाही :

खराट्याचे हीर फुकट मिळतात म्हणून आधी ते घेतले. हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. जाड बाजू खाली जाते आणि सगळी रांग तिरकी लोंबते. एकाआड एक उलट लावले तर रांग सरळ दिसते, पण प्रत्येक हीर आपापल्या परीने कलतो आणि लाट दोन-तीन फुटांत मोडते.

तपकिरी पॅकिंग टेप पावसाळी हवेत एका रात्रीत कडेने सुटला.

क्लेऐवजी कणकेच्या गोळ्या करून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या तडकून गळल्या, उरलेल्यांना मुंग्या.

टेप किती ताणायचा? मध्ये तीन-चार सेंमी झोळ राहील इतका. त्याहून सैल ठेवला तर लाट झोळात थकते. फार ताणला तर लाट वेगाने पळते, शिवाय रात्रभरात चिकट थर सरकून ताण आपोआप उतरतो. काम झालं की एक क्लॅम्प सैल करून ठेवावा.

२८ जून, शनिवार

गोळ्या न लावता पहिली फेरी. शेवटची काडी बोटाने दाबून सोडली की उंचवटा तीन मीटर पाऊण सेकंदात पार करतो. गोळ्या लावल्यावर तेवढ्याच अंतराला तीन सेकंद. इतकी संथ लाट मुलांनी आधी पाहिलेली नव्हती. खोलीत एकदम शांतता झाली.

मधली एकतिसावी काडी लाल रंगवली होती. एका मुलाने फक्त लाल काडीकडे बघायचं, दुसऱ्याने फक्त उंचवट्याकडे, आणि दोघांनी आपलं बोट त्या-त्या गोष्टीबरोबर न्यायचं. उंचवट्याबरोबर चालणारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचला. लाल काडीवाल्याचं बोट वर गेलं, खाली आलं आणि होतं तिथेच थांबलं. मग लाल काडीच्या टोकाखाली तळहात धरायला सांगितलं. लाट येते, क्लेची गोळी तळहातावर टप्कन आपटते, काडी पुन्हा आडवी होते. काहीतरी पोचलं, पण एकही काडी आपली जागा सोडून आली नाही. इथे शब्द दिले : लाट वाहून नेते ती ऊर्जा, पदार्थ जागच्या जागी हलतो. त्याआधी हे वाक्य फळ्यावर लिहून उपयोग नव्हता.

वेळ मोजताना प्रत्येक गटाची एकच चूक झाली : बोट सोडण्याआधी घड्याळ सुरू. काडी सोडणाऱ्यानेच घड्याळही चालवावं, म्हणजे दोन्ही हात एकाच डोक्याचं ऐकतात.

५ जुलै, शनिवार

आज गोळ्या काडीच्या टोकांवरून निम्म्यावर, म्हणजे मध्यापासून साधारण सात सेंमीवर आणल्या. एकही गोळी काढली नाही, एकही घातली नाही. तीन सेकंदांची लाट आता १.६ सेकंदांत गेली.

‘वजन तर तेवढंच आहे!’ हा प्रश्न मुलांकडूनच आला, आणि या सत्रातला सगळ्यात मोलाचा तोच. उत्तर अंगाने घ्यायचं : दोन्ही हातांत पाण्याची भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरून, हात पसरून कमरेतून झटकन डावीउजवीकडे वळायचं, मग बाटल्या छातीशी धरून तेच करायचं. पसरलेले हात वळायला जड. काडीही तशीच : वजन टोकाला असेल तर ती वळायला आळशी, म्हणून शेजारणीला हलवायला वेळ लावते. लाटेचा वेग दोन गोष्टी ठरवतात, शेजाऱ्याला ओढणारा ताण आणि हलायला नकार देणारं जडत्व. दोरी, पाणी, हवा, सगळीकडे हीच जोडी वेगवेगळ्या वेषात येते.

नंतर निम्म्या यंत्रावरच्या गोळ्या काढल्या. ३० काड्या जड, ३० हलक्या. सांध्यावर उंचवटा फुटतो : काही भाग पुढे जातो, काही मागे वळतो. जड बाजूकडून हलक्या बाजूला गेल्यास परतणारा भाग सुलटा, हलक्याकडून जडकडे गेल्यास उलटा, म्हणजे उंचवटा गेला आणि खळगा परत आला. भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी आणि काचेत अर्धवट दिसणारं आपलं तोंड यांचं मूळ इथेच आहे, हे तोंडी सांगून पुढे सरकलो.

टोकावरून परतणाऱ्या लाटेने मात्र तासभर खाल्ला. नियम असा : टोक घट्ट धरलं तर लाट उलटी परतते, टोक मोकळं असेल तर सुलटी. घट्ट टोकाचं जमलं. ‘मोकळ्या’ टोकावरूनही लाट उलटीच यायला लागली. कारण ते टोक मोकळं नव्हतंच. शेवटच्या काडीपुढचा २५ सेंमी टेप क्लॅम्पमध्ये होता आणि तो पिळाला विरोध करत होता. तेवढा टेप कापून त्या जागी एक मीटर शिवणाचा दोरा बांधला, स्टूल मागे सरकवलं. दोरा ताण देतो, पण पीळ सहज घेतो. लाट लगेच सुलटी परतली. यंत्र करणाऱ्यांनी एका टोकाला पहिल्यापासून दोराच लावावा.

शेवटची दहा मिनिटं, सगळ्या गोळ्या पुन्हा काड्यांच्या टोकांवर लावून, स्थिर तरंग, म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी झुलणारी लाट. दूरचं टोक घट्ट धरून जवळची काडी तालात थोडीशी हलवायची : तीन सेकंदांना एक हेलकावा दिला की दोन पाळणे दिसतात आणि मधली काडी जवळजवळ गप्प राहते, दोन सेकंदांना एक दिला की तीन पाळणे. सहा सेकंदांचा एकच मोठा पाळणाही होतो, पण तितका संथ ताल मुलांच्या हाताला राखता येत नाही. मधल्या कुठल्याही तालाला नुसता गोंधळ. ‘मधला ताल चालत नाही’ हे जितका वेळ चाचपडतील तितकं बरं.

१२ जुलै, शनिवार : पाणी

सरळ भिंतींचा प्लास्टिक ट्रे, आतली लांबी ४५ सेंमी. तळाची नव्हे, पाण्याच्या पातळीवरची लांबी मोजावी. भिंती थोड्या जरी बाहेर कललेल्या असल्या तरी फरक पडतो. ट्रेचं एक टोक एक सेंमी उचलून, पाणी शांत झाल्यावर, अलगद खाली ठेवायचं. पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन परत येतं. एका भिंतीवर नजर ठेवून पाच जा-ये मोजायच्या.

पाणी २ सेंमी : १०.२ सेकंद.
पाणी ४ सेंमी : ७.३ सेकंद.
पाणी ८ सेंमी : ५.४ सेकंद.

खोली चौपट केली की वेळ जवळजवळ निम्मा. हे मुलांनी तक्त्यातून स्वतः शोधलं, मगच वर्गमूळाचं नाव घेतलं. उथळ पाण्यात लाटेचा वेग काढायचा तर खोली मीटरमध्ये घ्या, ९.८ ने गुणा, वर्गमूळ काढा. उत्तर मीटर प्रतिसेकंद. २ सेंमीसाठी ते ०.४४ येतं आणि ९० सेंमीच्या जा-येला दोन सेकंदांच्या किंचित वर, म्हणजे ताळा जुळतो. ८ सेंमीला नियमाने ५.१ यायला हवे होते, आले ५.४. लाटेच्या लांबीच्या मानाने ८ सेंमी पाणी पुरेसं उथळ राहत नाही, म्हणून नियम थोडा ढळतो. हा फरक मुलांपासून लपवला नाही.

चुका : दोन गटांची उत्तरं बरोबर चार-पंचमांश येत होती. ते घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हणत होते. सुरुवातीला ‘शून्य’ म्हणायचं, म्हणजे ‘पाच’ला पाच फेऱ्या पुऱ्या होतात. एका गटाने उथळ पाण्यात ट्रे तीन सेंमी उचलला. लाट फुटली आणि फेसाळत गेली, मोजण्यासारखं काही उरलं नाही. धप्पकन सोडलेल्या ट्रेत बारीक तरंग उठतात आणि मोठी लाट त्यांत हरवते.

पाण्यावर थर्माकोलचे मणी सोडले. भिंतीजवळचा मणी वर-खाली, मधला मणी मागे-पुढे सरकतो, आणि दोन्ही फिरून आपल्या जागी. लाल काडीची आठवण मुलांनीच काढली.

याच नियमात समुद्राची खोली घातली : ४००० मीटरला जवळजवळ १९८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७०० किमीच्या वर. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी बंगालचा उपसागर ओलांडून काही तासांतच तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आली ती यामुळे. चार किलोमीटर खोल समुद्र उथळ कसा, असा प्रश्न येतोच. त्सुनामीची तरंगलांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, शंभर किलोमीटरच्या वर जाते. तिच्या मानाने तो समुद्र म्हणजे आपला ट्रेच. रोजच्या लाटांना खोल समुद्रात हा नियम लागत नाही, किनाऱ्याशी लागतो. दहा मीटर पाण्यात वेग ताशी ३६ किमीच्या आसपास उतरतो, पुढचा भाग मंदावतो, मागचा अंगावर येतो, लाट उंच होते. आणि उंची खोलीच्या पाऊणपटीच्या थोडी वर गेली की फुटते. कोळीवाड्यातल्या मुलांना लाट कुठे फुटते ते पाठ असतं. ती तिथेच का फुटते, ते आज कळलं. पावसाळ्यात मुलांना पुळणीवर न्यायचं नाही. हा सगळा भाग ट्रेवरच करायचा.

१५ जुलै, मंगळवार : तयारी

तरंगटाकी. ३० बाय ४० सेंमीची, ४ मिमी जाड काच, कडा दुकानातूनच घासून आणलेल्या. चारही बाजूंनी २ सेंमी उंच लाकडी पट्टी सिलिकॉनने चिकटवली, २४ तास हात लावला नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, तेव्हा पावसाळ्याची इथे मदतच. टाकी दोन स्टुलांवर, खाली ४० सेंमीवर पांढरा कागद, वर ५० सेंमीवर एकच एलईडी असलेली बॅटरी. ट्यूबलाइट चालत नाही. लांब दिव्याच्या सावल्या एकमेकींवर चढतात. तरंगाचा माथा भिंगासारखा प्रकाश गोळा करतो, म्हणून कागदावर उजळ पट्टे दिसतात.

कडांना जुन्या सुती साडीच्या ओल्या घड्या ठेवल्या. त्या नसतील तर परतणारे तरंग सगळं चित्र पुसतात.

पाणी ८ मिमी. तरंग उठवायला रबरबँडांनी टांगलेली लाकडी पट्टी, तिच्यावर मोटर, मोटरच्या दांड्याला एका बाजूला नट. खेळण्यातली मोटर फार पळते आणि पट्टे इतके दाट होतात की दिसतच नाहीत; व्होल्टेज उतरवलं तर ती बंद पडते. मिनिटाला ६०० फेऱ्यांची गिअर मोटर लावल्यावर सेकंदाला दहा तरंग मिळाले.

१९ जुलै, शनिवार

आधी सावलीचं माप. पाण्यात ५ सेंमीची काडी ठेवली, सावली ९ सेंमी आली. म्हणजे कागदावरचं प्रत्येक माप १.८ ने भागायचं. हे विसरलेल्या गटाची तरंगलांबी जवळजवळ दुप्पट आली. पट्टे कागदावर ४.२ सेंमी अंतराने, खरे २.३ सेंमी. दहाने गुणलं की वेग : सेकंदाला २३ सेंमी. एक पट्टा मोजू नये. सहा पट्ट्यांमधली पाच अंतरं मोजून पाचाने भागावं.

मग टाकीत ६ मिमी जाड काचेचा तुकडा तिरका ठेवला, त्यावर पाणी उरलं २ मिमी. तुकड्यावर पट्टे दाट झाले, कागदावर ३.२ सेंमीपर्यंत, आणि काचेच्या कडेशी वाकले. सेकंदाला दहाच तरंग येतात, वेग घटतो, म्हणून अंतर घटतं. पुढे प्रकाशाचं अपवर्तन, म्हणजे एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना वाकणं, शिकताना हेच चित्र कामाला येणार आहे. किनाऱ्याला लाटा नेहमी साधारण समोरूनच येतात, तेही यामुळेच.

पट्टे थांबलेले दिसावेत म्हणून लुकलुकणारा दिवा वापरायची पद्धत आहे. ती वापरली नाही, वापरूही नये : सेकंदाला दहाच्या आसपास लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि कोणाला येईल ते आधी कळत नाही. त्याऐवजी सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या मोबाइलने चित्रण केलं. पट्टीच्या एका हेलकाव्याला २४ चित्रं लागली, म्हणजे सेकंदाला दहा हेलकावे, दहा हर्ट्झ. मोजणीही झाली.

२६ जुलै, शनिवार

पोलादी स्लिंकी, म्हणजे लांब, सैल स्प्रिंगचं खेळणं, गुळगुळीत फरशीवर. एका वेटोळ्याला लाल लोकर. टोकाकडची दहा वेटोळी हाताशी गोळा करून सोडली की दाटी पुढे धावते. लोकर पुढे, मागे, पुन्हा जाग्यावर. पाठ्यपुस्तकातले ‘संपीडन’ (दाटी) आणि ‘विरलन’ (विरळ भाग) हे शब्द आज दिले, आणि अनुतरंग-अवतरंगातला फरकही : अनुतरंगात पदार्थ लाटेच्याच दिशेने मागे-पुढे हलतो, अवतरंगात तिला आडवा.

दोन मीटर ताणली काय आणि चार मीटर ताणली काय, दाटीला या टोकाहून त्या टोकाला जायला वेळ तितकाच लागतो. मुलांना घड्याळ बिघडल्यासारखं वाटतं. लांबी दुप्पट झाली, पण ताणही वाढला आणि दर मीटरचं वजन घटलं, म्हणून वेगही दुप्पट झाला. एकेरी वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असते, तेव्हा तीन जा-ये मोजून सहाने भागावं. त्यापुढे फरशीच्या घर्षणाने दाटी विझते.

स्लिंकी ताणलेली असताना कोणीही टोक सोडायचं नाही. एकदा गुंतली की तार वाकते, आणि वाकलेली तार पुन्हा सरळ होत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार : आवाज

सामान : ७० सेंमी लांब, आत २५ मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, तळ बंद केलेला ७५ सेंमी उंच, तीन इंची पाइप, पाण्याने भरलेला. साध्या बादलीची खोली पुरत नाही. मोबाइलवर ५०० हर्ट्झचा सूर, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पाइपच्या तोंडापासून दोन सेंमीवर. तोंड झाकलं तर सगळी मापं बिघडतात.

बारीक पाइप पाण्यातून हळूहळू वर घ्यायचा. पाण्यावर १६.७ सेंमी आला की आवाज एकदम भरतो. पुन्हा भरतो ५१.५ सेंमीला. मधलं अंतर ३४.८, म्हणजे अर्धी तरंगलांबी. दुप्पट करून ५०० ने गुणलं : ३४८ मीटर प्रतिसेकंद. खोलीत २८ अंश होते. त्या तापमानाला आवाजाचा वेग तेवढाच असतो.

एका गटाने फक्त पहिलं माप घेतलं, ते नेमकी पाव तरंगलांबी धरून चारने गुणलं आणि ३३४ काढले. गणित बरोबर, गृहीतक चूक. हवेचा कंप पाइपच्या तोंडाशी थांबत नाही, त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट बाहेर जातो. इथे पाऊण सेंमी. दोन मापांची वजाबाकी केली की ही चूक आपोआप निघून जाते. मुलांना वजाबाकीचा इतका चांगला उपयोग क्वचित दिसतो, म्हणून त्यावर वेळ घालवला.

२३ ऑगस्ट, शनिवार

तळ कापलेल्या गोल डब्यावर ताणलेला फुगा, वर रवा, खालून मोबाइलचा स्पीकर. किराणातून आणलेला रवा दमट असतो, गोळे होतात. कोरडा भाजून घ्यावा. रांगोळीची रेघ जास्त ठसठशीत उमटते. ठरावीक सुरांनाच आकृती बनते, अधल्यामधल्या सुराला दाणे नुसते थरथरतात. ५ जुलैचे पाळणेच हे, पण चहूबाजूंनी. दाणे गोळा होतात ते न हलणाऱ्या जागी. रबर पाच-दहा मिनिटांत सैल पडतं आणि तीच आकृती खालच्या सुराला यायला लागते, म्हणून आकृती बनली की लगेच सूर लिहून ठेवावा.

नुसत्या पडद्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे आडनिडे पडतात, म्हणून फुग्याचा डबा ‘ढब’ वाजतो, सुरात लागत नाही. तबल्याची शाई मध्यभागी वजन देऊन हे सूर जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटींत आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे मोजून मांडलं. भजनात पखवाज वाजवणाऱ्या मुलाने धुमेवर (डाव्या, खर्जाच्या बाजूवर) कणीक लावून दाखवली : चिमूटभर वाढवली की सूर खाली, काढली की वर. टोकाच्या गोळ्या आणि निम्म्यावरच्या गोळ्या, त्याच जडत्वाचा खेळ.

शेवटी घंटेचा कोरा कागद पुन्हा दिला. बऱ्याच जणांनी ठिपके काढले, कुठे दाट, कुठे विरळ. काहींनी नागमोडी रेघच काढली, पण आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्यावर दाब लिहिला. तीन कागदांवर अजून वाऱ्याचे बाण आहेत. त्या तिघांसाठी गणपतीच्या सुट्टीनंतर स्लिंकी पुन्हा काढायची, लाल लोकर त्यांच्या हातात द्यायची आणि आपण काही बोलायचं नाही.

तरंगयंत्र गुंडाळून ठेवलं नाही. गुंडाळलं की गोळ्या एकमेकींना चिकटतात. भिंतीवर दोन खुंट्यांना उभं टांगलं आहे. टेप मात्र पुढच्या जूनला नवा लागेल.